धांवतें घड्याळ आणि कुंभाराचें गाढव

घड्याळ मागें पडलें तर आपण त्याला आळशी ठरवितों. पुढें गेलें तर त्याचें कौतुक करतों. कित्येक घरांत माजघरांतील घड्याळ मुद्दाम पांच-दहा मिनिटें पुढें ठेवलेलें असतें. गाडी चुकूं नये, शाळेस उशीर होऊं नये, हा हेतु. परंतु पुढें असलेलें घड्याळ आणि पुढें धांवणारें घड्याळ ह्यांतील भेद सहसा कोणी पाहत नाहीं. पहिलें ठराविक अंतरावर राहतें, म्हणून त्याचा हिशेब घरांतील लहान पोरहि करूं शकतें. दुसरें मात्र दर तासाला अधिकाधिक फसवितें. आज ज्या तक्रारीचा विचार करावयाचा आहे ती ह्या दुसऱ्या जातीची आहे. संगणकाचें घड्याळ एरवीं नीट चालतें, पण अमुक एक प्रोग्राम उघडला कीं धांवत सुटतें. असें कां व्हावें, आणि ह्याचा शोध घरच्या घरीं कसा घ्यावा?

सांगलीकडील एका वाचकांनीं आम्हांस ह्याविषयीं सविस्तर पत्र पाठविलें. कुटुंब एकत्र, संगणक एकच, व तो दिवाणखान्यांत. पत्रलेखकांचा नातू अभियांत्रिकीच्या प्रवेश-परीक्षेची तयारी करतो, आणि तीन तासांचे सरावाचे पेपर संगणकावर सोडवितो. वेळ संपली कीं प्रोग्राम आपण होऊन पेपर बंद करतो. सकाळीं घेतलेले पेपर वेळेंत पुरे होत. सायंकाळच्या पेपरांत मात्र शेवटचे चार-पांच प्रश्न हटकून राहत. वडीलधाऱ्यांनीं निष्कर्ष काढला कीं, मुलगा खेळून दमतो व सायंकाळीं त्याचें चित्त ठिकाणावर नसतें. क्रिकेट बंद झालें. तरी प्रश्न राहतच होते. पुढें पुढें मुलगाहि ‘मी मुळांतच मंद आहें’ असें म्हणूं लागला. पत्रांतील सर्व मजकुरांत आम्हांस हीच गोष्ट सर्वांत गंभीर वाटली. पस्तीस वर्षें वर्गांत उभें राहिल्यामुळें आम्हांस ठाऊक आहे कीं, मंद म्हटलेला मुलगा फार लवकर मंद होतो.

एके दिवशीं मुलाच्या धाकट्या बहिणीच्या लक्षांत आलें कीं, पेपर सुरू झाला तेव्हां भिंतीवरील घड्याळांत सहा वाजले होते, आणि पेपर आपोआप मिटला तेव्हां नवाला आठ-नऊ मिनिटें कमी होतीं. संगणकावर मात्र नऊ वाजलेले ! दुरुस्ती करणाऱ्या गृहस्थांनीं आंतील सेल बदलून पाहिला. गुण आला नाहीं. मग त्यांनीं ‘यंत्र जुनें झालें, नवें घ्या’ असा सल्ला दिला. संगणकाचें व त्यावरील प्रोग्रामांचें नांव आम्ही मुद्दाम गाळीत आहों. नांव कळल्यानें रोग कळतो असें नाहीं.

रोग समजावयाचा तर प्रथम शरीर समजलें पाहिजे. संगणकाच्या पोटांत एक नव्हे, दोन घड्याळें असतात. पहिलें मदरबोर्डवर असतें. नाण्याएवढ्या सेलवर तें चालतें, व संगणक बंद असतांनाहि चालूं राहतें. त्यांतील क्वार्ट्झचा स्फटिक सेकंदास ३२,७६८ वेळां कंप पावतो. ही संख्या म्हणजे २ चा पंधरावा घात. म्हणून ती पंधरा वेळां निम्मी करीत गेलें कीं सेकंदास नेमका एक ठोका उरतो. मनगटावरील साध्या क्वार्ट्झ घड्याळांत हीच युक्ति असते. दुसरें घड्याळ हें वस्तुतः घड्याळच नव्हे, ती एक मोजदाद आहे. संगणक सुरू होतांना पहिल्या घड्याळास वेळ विचारून घेतो, आणि तेथून पुढें निराळ्या एका स्फटिकापासून येणारे ठोके स्वतः मोजून वेळ पुढें नेतो. पडद्याच्या कोपऱ्यांत जी वेळ दिसते ती ह्या मोजदादीची.

ही मोजदाद कशी बिघडते हें आपल्या घटिकापात्रावरून उत्तम कळेल. तांब्याची, बुडाशीं बारीक छिद्र असलेली वाटी पाण्यावर सोडावयाची. ती भरून बुडाली कीं एक घटिका, म्हणजे २४ मिनिटें झालीं. अशा साठ घटिकांचें अहोरात्र. सूर्यसिद्धांतांत ह्या यंत्राचें वर्णन आहे, आणि लग्नघरांत अजूनहि कोठें कोठें गुरुजी हें पात्र मांडतात. आतां कल्पना करा कीं, आंतल्या खोलींत एक माणूस वाटी बुडतांच टोला देतो, व बाहेर बसलेला कारकून टोले मोजून वहींत घटिका मांडतो. मध्येंच एका वैद्यबुवांस औषध उकळण्यासाठीं लहान माप हवें झालें. त्यांनीं मोठी वाटी काढून बारा मिनिटांत बुडणारी वाटी ठेवली. टोले दुप्पट पडूं लागले. ही अदलाबदल कारकुनास कळविली, तर तो दोन टोल्यांची एक घटिका धरील व वही बरोबर राहील. न कळविली, तर सूर्य मावळण्यापूर्वींच त्याच्या वहींत मध्यरात्र उलटून जाईल. येथें पाणी खोटें नाहीं, वाटी खोटी नाहीं, कारकूनहि अप्रामाणिक नाहीं. वाटी बदलल्याचा निरोप तेवढा पोंचला नाहीं.

संगणकांत अक्षरशः हेंच घडतें. १९८१ सालीं आयबीएम कंपनीनें जो वैयक्तिक संगणक विक्रीस काढला, त्यांतील मुख्य स्फटिक सेकंदास सुमारें १,४३,१८,१८० कंप पावे. ह्या संख्येस १२ नें भागून सुमारें ११,९३,१८२, व तिला पुन्हां ६५,५३६ नें भागून सेकंदास सुमारें १८.२ ठोके मिळत. असे १५,७३,०४० ठोके झाले कीं दिवस पालटला, असें यंत्र मानी. शेवटचा भाजक बदलण्याची मुभा प्रोग्रामास होती. खेळांच्या व संगीताच्या प्रोग्रामांस सेकंदाचा अठरावा भाग फार ढोबळ पडे. म्हणून ते भाजक लहान करीत व ठोके वाढवीत. ठोके चौपट केले तर दर चार ठोक्यांतील एकच मूळ मोजदादीकडे पाठवावयाचा, हा शिष्टाचार. तो पाळला नाहीं तर घड्याळ चौपट धांवे. कांहीं प्रोग्राम जातांना भाजक पूर्ववत् करीत नसत; मग संगणक बंद करून पुन्हां चालू करीपर्यंत घड्याळ तसेंच उधळलेलें राही.

पुढें यंत्रें सुधारलीं, पण तत्त्व तेंच राहिलें. विंडोजमध्यें सामान्यतः सेकंदास ६४ ठोके पडतात. ध्वनि, चित्र किंवा खेळ ह्यांचा प्रोग्राम मागणी करून ते १,००० पर्यंत नेऊं शकतो. ठोके वाढले कीं प्रत्येक ठोक्याचें मोल त्या प्रमाणांत कमी धरावें लागतें. ही मागणी वारंवार केल्यास संगणकाच्या घड्याळावर लक्षणीय परिणाम होऊं शकतो, अशी सूचना मायक्रोसॉफ्ट कंपनीनेंच प्रोग्राम लिहिणाऱ्यांसाठीं देऊन ठेवलेली आहे. २०२० सालच्या विंडोज १० च्या आवृत्तीपूर्वीं तर एका प्रोग्रामानें केलेली मागणी साऱ्या यंत्रास लागू होई. एकत्र कुटुंबांत एकानें पंखा वाढविला कीं सर्वांनाच वारा लागतो, तसाच प्रकार !

यंत्राच्या पोटांत दुसरें काल्पनिक यंत्र चालविण्याची सोय आहे, तिच्यांतहि हा दोष आढळतो. मुख्य यंत्र कामांत गुंतलें कीं आंतल्या यंत्राचे ठोके थकतात. मागाहून ती थकबाकी एकदम चुकती केली जाते. पण आंतील यंत्रानेंहि आपल्या बाजूनें चुकलेले ठोके अंदाजानें जमेस धरले असले, तर एकच रक्कम दोनदां जमा होते, आणि घड्याळ पुढें जातें. जमाखर्च लिहिणाऱ्यांस हें अधिक सांगावयास नको.

आतां शोधाची रीत. पहिला प्रश्न असा कीं, अंतर स्थिर आहे कीं वाढतें आहे ? भारतांत प्रमाणवेळ १९०६ पासून सुरू झाली, तरी मुंबई शहरानें आपली निराळी वेळ १९५५ पर्यंत राखली होती, व ती प्रमाणवेळेच्या ३९ मिनिटें मागें असे. तें अंतर रोज तेवढेंच. म्हणून मुंबईचीं घड्याळें बिघडलीं आहेत असें कोणी म्हणत नसे. संगणकांतहि नेमका साडेपांच तासांचा फरक दिसला तर घड्याळ धांवत नाहीं हें ओळखावें. भारतीय प्रमाणवेळ ग्रिनिचच्या साडेपांच तास पुढें आहे, आणि एकाच यंत्रावर विंडोज व लिनक्स दोन्ही असलीं कीं आंतील घड्याळाची वेळ एक स्थानिक समजतें व दुसरें जागतिक समजतें. तो समजुतीचा फरक आहे, चालीचा नव्हे.

दुसरा प्रश्न : अंतर वाढत असेल तर किती वेगानें ? सामान्य स्फटिकाची चूक दहा लाखांत वीस भागांच्या आसपास असते. म्हणजे दिवसास पावणेदोन सेकंद. महिन्याकांठीं मिनिटभर फरक पडला तर तो स्फटिकाचा स्वभाव समजून सोडून द्यावा. परंतु तासास मिनिटें वाढूं लागलीं तर स्फटिकास दोष देण्यांत अर्थ नाहीं. तेथें मोजदादच चुकते आहे. तिसरा प्रश्न : संगणक बंद करून पुन्हां लावल्यावर वेळ बरोबर येते काय ? सेल अशक्त झाला असेल तर यंत्र चालू करतांच कित्येक वर्षांपूर्वींची तारीख दिसते किंवा वेळ मागें पडलेली असते. चालू करतांना वेळ बरोबर, आणि काम करतांना पुढें, असें असेल तर सेल बदलणें म्हणजे पोट दुखत असतां डोळ्यांत औषध घालणें होय.

ह्यानंतरची पायरी न्यायशास्त्राची आहे. एक गोष्ट असतां दुसरी असणें हा अन्वय; ती नसतां दुसरी नसणें हा व्यतिरेक. कारण ठरवावयाचें तर दोन्ही जुळले पाहिजेत. सांगलीच्या घरांत सायंकाळ आणि अपुरा पेपर ह्यांचा अन्वय जुळत होता. व्यतिरेक कोणी पाहिलाच नव्हता. सायंकाळीं त्या घरांत आणखी काय घडतें, असें आम्हीं पत्रानें विचारलें. उत्तर आलें कीं, पांच वाजतां काकू त्याच संगणकावर तंबोऱ्याचा प्रोग्राम लावून गाण्याचा रियाझ करतात. रियाझ आटोपला कीं आवाज थांबवितात, पण प्रोग्राम बंद न करतां नुसता खालीं सारून ठेवतात.

तेव्हां आम्हीं त्यांस चार तासांचा प्रयोग कळविला. इंटरनेटवरून वेळ आपोआप लावून घेण्याची संगणकाची सोय तेवढ्यापुरती बंद ठेवावी, नाहींतर रोग दिसण्यापूर्वींच झांकला जाईल. प्रमाण म्हणून मोबाइलची वेळ धरावी. आरंभीं व तासाच्या अखेरीस दोन्ही वेळा वहींत लिहाव्या. एका वेळीं एकच गोष्ट बदलावी. मुलाच्या बहिणीनें वही ठेवली, व तिचा निकाल असा आला :

सकाळीं, तंबोरा बंद : फरक नाहीं.
सकाळीं, तंबोरा उघडा : संगणक ३ मिनिटें पुढें.
सायंकाळीं, तंबोरा बंद : फरक नाहीं.
सायंकाळीं, तंबोरा उघडा : संगणक ३ मिनिटें पुढें.

ह्या चार ओळींपुढें अधिक वाद उरत नाहीं. घट करतांना कुंभाराचें गाढव माती वाहून आणतें, म्हणून तें प्रत्येक घटाच्या आधीं हजर असतें. तरी तें घटाचें कारण नव्हे, असें नैयायिक सांगतात. अशा गोष्टीस ते अन्यथासिद्ध म्हणतात. सायंकाळ ही अशीच कुंभाराचें गाढव होती, आणि क्रिकेट तर त्या गाढवावरचें ओझें ! खऱ्या ६० मिनिटांत संगणक ६३ मिनिटें मोजी. म्हणून त्याचे १८० मिनिटांचे तीन तास १७१ मिनिटांच्या थोडे पुढें संपत. मुलाचीं साडेआठ मिनिटें दर पेपरास गहाळ होत होतीं. चार-पांच प्रश्न राहण्यास तेवढीं पुरेशीं आहेत.

कोणी म्हणेल, मग अपराधी तंबोऱ्याचा प्रोग्राम. तसेंहि नाहीं. तोच प्रोग्राम त्या घरांतील दुसऱ्या एका लॅपटॉपवर लावून पाहिला, तेथें घड्याळ तसूभरहि हललें नाहीं. म्हणजे तो प्रोग्राम आणि तें विशिष्ट यंत्र ह्या दोघांच्या संयोगांत दोष होता. तंबोऱ्याचा नाद अखंड राहावा म्हणून प्रोग्राम बारीक ठोके मागत होता. जुन्या यंत्राचा कारकून त्यांचें मोल नीट धरीत नव्हता. पृथक् पाहिलें तर दोघेहि निर्दोष. एकत्र कुटुंबांत राहिलेल्या वाचकांस असले प्रसंग अपरिचित नसतील.

उपाय क्रमानें करावे. सर्वांत सोपा, संशयित प्रोग्राम काम झाल्यावर पुरता बंद करणें. त्यानें चाल सुधारते, पण मिळालेली आघाडी तशीच राहते. म्हणून नंतर वेळ एकदां लावून घ्यावी. दुसरा, त्या प्रोग्रामाची व मदरबोर्डच्या मूळ प्रोग्रामाची, ज्यास बायॉस म्हणतात त्याची, नवी आवृत्ति घालणें. सांगलीच्या घरीं प्रोग्रामाची नवी आवृत्ति घातल्यावर तासाचा फरक शून्यावर आला. तिसरा उपाय यंत्रांतर्गत यंत्र वापरणाऱ्यांसाठीं : आंतील यंत्राची वेळ सुधारण्याचें काम एकाकडेच द्यावें; दोघांनीं एकाच वेळीं काटा ओढूं नये.

इंटरनेटवरून वेळ लावून घेण्याची सोय फार उपयोगाची आहे, पण ती ह्या रोगावरील औषध नव्हे. ह्यासाठीं वापरली जाणारी एनटीपी नांवाची पद्धति डेव्हिड मिल्स ह्या अमेरिकन शास्त्रज्ञानें १९८५ सालीं मांडली. तिच्या रूढ मर्यादेप्रमाणें घड्याळाची चाल हळूहळू सुधारण्याचा पल्ला दहा लाखांत ५०० भागांपर्यंत, म्हणजे दिवसास सुमारें ४३ सेकंद इतकाच असतो. तासास ३ मिनिटें म्हणजे दहा लाखांत ५०,००० भाग, पल्ल्याच्या शंभरपट! असें घड्याळ मग मधून मधून मागें खेंचावें लागतें. पेपर चालू असतां वेळ एकाएकीं मागें गेली, किंवा हिशेबाच्या दोन नोंदींत आधींची नंतर व नंतरची आधीं लागली, तर नवाच घोटाळा. विंडोज एक्सपीसारख्या जुन्या प्रणालींत तर ही दुरुस्ती आठवड्यांतून एकदांच होई. म्हणून आधीं चाल सुधारावी, मग वेळ लावावी.

ह्या विषयावर आम्हांस पत्र पाठवितांना पांच गोष्टी अवश्य लिहाव्या : अंतर स्थिर आहे कीं वाढतें, एका तासांत किती वाढतें, संगणक पुन्हां लावल्यावर वेळ बरोबर येते कीं नाहीं, त्या वेळीं कोणकोणते प्रोग्राम उघडे होते, खालीं सारून ठेवलेले धरून, आणि एकेक बंद करून पाहतां काय दिसलें. ह्या पांचांचीं उत्तरें वहींत मांडलीं तर दहांपैकीं आठ जणांस आम्हांला पत्र लिहिण्याचें कारणच उरणार नाहीं, व टपालाचा खर्च वांचेल. उरलेल्या दोघांस आम्ही आनंदानें उत्तर देऊं. मात्र तें उत्तर हातीं येईपर्यंत घरांतील कोणत्याहि मुलाचें क्रिकेट बंद करूं नये, एवढी विनंती आहे.